दहावीचा सराव: पुस्तक, जुन्या प्रश्नपत्रिका की बाजारातला प्रश्नसंच?

दिवाळीची सुट्टी संपली की दहावीच्या मुलांचे आईबाबा मला हमखास विचारतात, "सरावाला काय घेऊ?" शेजारपाजारच्या मुलांचं गणित-विज्ञान मी काही वर्षं घेते आहे. समोर तीन वाटा असतात: बालभारतीचं पुस्तक, बोर्डाच्या मागच्या प्रश्नपत्रिका आणि दुकानातला उत्तरांसकट प्रश्नसंच. गणिताला आणि विज्ञानाला एकच वाट चालत नाही.

गणिताला आधी पुस्तक. प्रत्येक प्रकरणाचे सरावसंच आणि शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रह हाताने सोडवून झाल्याशिवाय दुसरं काही विकत घेऊ नका. अर्थनियोजनाचं प्रकरण घ्या, रोजच्या व्यवहारातलं गणित तेच. 2,000 रुपये करपात्र किंमत आणि 18 टक्के जीएसटी दिला, की मुलं 180 केंद्राचा, 180 राज्याचा, एकूण 2,360 असं झटक्यात सांगतात. प्रश्न उलटा करा: करासह किंमत 2,360 आहे, तर करपात्र किंमत किती? निम्मी मुलं 2,360 चे 18 टक्के काढून वजा करतात आणि 1,935.20 लिहून मोकळी होतात. इथे 118 ने भागून 100 ने गुणायचं असतं, आणि ते एकाच प्रकारची चार-पाच उदाहरणं लागोपाठ केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. (22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक वस्तूंसाठी 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे गेले. तरी जुन्या उदाहरणात जो दर दिला असेल तोच धरायचा, मुलांना तसं आधीच सांगून ठेवा.)

एका गोष्टीत मात्र पुस्तक अपुरं पडतं. बोर्डाच्या पेपरात 'कृती पूर्ण करा' म्हणून रिकाम्या चौकटी भरायच्या असतात, दुसऱ्या प्रश्नात चार गुणांच्या आणि तिसऱ्यात तीन गुणांच्या. ज्याला पूर्ण उदाहरण येतं तोही चौकटीपाशी अडखळतो, कारण तिथे दुसऱ्याच्या पायऱ्यांनी चालायचं असतं. यासाठी जुन्या प्रश्नपत्रिकाच हव्यात.

विज्ञानाला मी प्रश्नपत्रिका बऱ्याच आधी हातात देते. एक शास्त्रीय कारण पाहा: सोडिअम केरोसीनमध्ये का ठेवतात? मुलं लिहितात, "कारण तो खूप क्रियाशील आहे." दोन गुणांच्या प्रश्नाला एवढं पुरत नाही. हवेतल्या ऑक्सिजनशी आणि बाष्पाशी अभिक्रिया होऊन तो पेट घेऊ शकतो, केरोसीनशी त्याची अभिक्रिया होत नाही आणि त्यात तो बुडून राहतो, हे तिन्ही मुद्दे यायला हवेत. तिसरा मुद्दा जवळजवळ सगळेच विसरतात. प्रश्न किती गुणांचा आहे हे बघून उत्तर किती लांब लिहायचं, ही सवय प्रश्नपत्रिकेनेच लागते.

प्रश्नपत्रिका निवडताना साल बघा. सध्याच्या पुस्तकांवरची पहिली परीक्षा मार्च 2019 ची, त्याआधीच्या रद्दीत गेल्या तरी चालतील. 2021 ला मुख्य लेखी परीक्षाच झाली नाही. 2022 चा पेपर 25 टक्के कमी केलेल्या अभ्यासक्रमावर होता आणि 40 गुणांच्या पेपरला 15 मिनिटं जास्त होती, म्हणून वेळेच्या सरावाला तो धरू नका. पुरवणी परीक्षेचे पेपर मुलं बघतच नाहीत, पण ते तितकेच कामाचे.

घड्याळ लावून बसा. दोन तासांत 40 गुण म्हणजे गुणामागे तीन मिनिटं.

आता प्रश्नसंच. सगळ्या पालकांचा ओढा त्याकडे असतो, कारण उत्तर तयार मिळतं. शिक्षक जवळ नसेल, तर विज्ञानाच्या नमुना उत्तरांचा उपयोग नक्कीच होतो. पण मुलं ती वाचतात आणि "सोडवलं" म्हणतात. शिवाय उत्तरं चुकतात. गेल्या वर्षी एका संचात बहिर्वक्र भिंगाचं उदाहरण होतं: नाभीय अंतर 10 सेंमी, वस्तू 15 सेंमीवर. माझ्याकडच्या मुलीने प्रतिमेचं अंतर 30 सेंमी काढलं होतं, अगदी बरोबर. संचात वस्तूच्या अंतराचं ऋण चिन्ह गळलं होतं, म्हणून मागे छापलं होतं 6. तिने स्वतःचं उत्तर खोडून 6 लिहिलं. ती खोडलेली ओळ बघून मला फार वाईट वाटलं.

म्हणून हाताशी नोव्हेंबर-डिसेंबर असेल, तर गणिताचं पुस्तक आणि विज्ञानाच्या जुन्या प्रश्नपत्रिका, एवढंच करा. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात, तेव्हा पैशांचा प्रश्न नाही. फेब्रुवारी उजाडला असेल, तर दोन्ही विषयांना दिवसाआड एक पेपर, आणि चुकलेला प्रश्न ज्या प्रकरणातला असेल तेवढंच प्रकरण पुस्तकातून पुन्हा. संच घ्यायचाच असेल तर एकच घ्या, आणि उत्तरांची पानं वेगळी काढून तुमच्याकडे ठेवा.