डिजिलॉकर: सरकारी कागदांसाठी चोख, घराच्या माहितीसाठी अपुरे

आमच्या औसा तालुक्यात महत्त्वाचे कागद कोठे ठेवावेत, हा प्रश्न 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेपासून कोणी हलक्यात घेत नाही. किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदावरचे मातीचे थर खाली आले, तेव्हा कोनाड्यांत आणि तुळईला टांगलेल्या पिशव्यांत ठेवलेले सातबाऱ्यापासून सोसायटीच्या पासबुकापर्यंतचे सगळे कागद त्याखाली गेले. आमच्या घरी वाचली ती पत्र्याची पेटी, आणि तीही कुलूप तोडूनच उघडावी लागली, कारण किल्ली ज्या खुंटीला होती ती भिंतच उरली नव्हती. ही पेटी डोळ्यांसमोर ठेवूनच दोन वर्षांपूर्वी मी घरातल्या चौघांची डिजिलॉकर खाती उघडायला घेतली.

सरकारी कागद फोनवर ठेवण्याची केंद्र सरकारची ही सेवा 2015 मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत आणि सुरुवात आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने होते. या ओटीपीनेच आमचे पहिले तीन आठवडे खाल्ले. अण्णांच्या आधारला जोडलेले सिमकार्ड कधीच बंद पडले होते, त्यामुळे आधी आधार केंद्रावर रांग लावून नंबर बदलून घ्यावा लागला. त्यानंतर निघाली नावांची भानगड, कारण अण्णांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक आणि पॅनकार्डावर दुसरे होते, आणि दोन्हींवरचे नाव जुळल्याखेरीज पॅन खात्यात येत नाही. (जन्मतारखेचा घोळ मात्र झाला नाही, त्यांच्या पिढीतल्या निम्म्या गावाप्रमाणे त्यांचाही जन्म सगळीकडे 1 जूनचाच आहे.) या सेवेचा एक फायदा कोणी सांगत नाही, तो हा की कोणत्या कागदात चूक आहे हे तिच्यामुळे निवांत वेळी कळते, ऐन घाईत नव्हे.

खाते एकदा मार्गी लागले की काम चोख आहे. आधार, पॅन, वाहन परवाना, गाडीचे नोंदणीपत्र आणि मुलीची दहावी-बारावीची गुणपत्रके मूळ विभागाच्या नोंदीतूनच येतात, आणि 2017 च्या नियमदुरुस्तीनंतर असे कागद कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीचे मानले जातात. रस्त्यावर पोलिसांना आणि रेल्वेत तिकीट तपासनिसाला मी ते दाखवले आहेत, हरकत कोणी घेतली नाही.

ही बरोबरी मात्र फक्त विभागाने दिलेल्या कागदांना आहे. आपण फोटो काढून किंवा स्कॅन करून चढवलेल्या कागदांसाठी वेगळा कप्पा असतो, त्याला 1 जीबीची मर्यादा आहे, आणि त्यातला कागद म्हणजे नुसते चित्र. दोन्ही कप्पे एकाच ॲपमध्ये शेजारी शेजारी असल्याने हा फरक सहज नजरेतून सुटतो. माझ्याही सुटला, आणि त्याची किंमत गेल्या पावसाळ्यात मोजावी लागली.

अण्णांना रात्री लकव्याचा झटका आला. त्यांना शहरातल्या एका रुग्णालयात नेले, तेव्हा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी तिथल्या खिडकीवर शिधापत्रिका मागितली गेली. मी फोनमधली स्कॅन केलेली केशरी शिधापत्रिका पुढे केली. ती चालणार नाही, मूळ आणा, असे उत्तर मिळाले. मूळ शिधापत्रिका गावाकडच्या पेटीत होती, आणि पेटीची किल्ली आईच्या कमरेला, आमच्याबरोबर रुग्णालयातच! पुतण्याने किल्ली घेऊन रात्रीच गाव गाठले.

त्याहून जास्त टोचले ते डॉक्टरांचे विचारणे. झटका किती वाजता आला, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, असेल तर कोणती, शेवटची कधी घेतली, हे त्यांना तातडीने हवे होते, कारण पुढचे औषध त्यावर ठरणार होते. चौघांच्या खात्यांत मिळून सत्तावीस कागद जमवलेल्या माणसाला यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. डिजिलॉकरचा हा दोष म्हणता येणार नाही, कारण ते कागद सांभाळते आणि घरातली अशी माहिती कोणत्याच कागदावर नसते. औषधे, गावच्या सोसायटीचे पीककर्ज, कोणाचे हातउसने, विहिरीतला भावकीचा हिस्सा, कोणत्या खात्याला वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, हे सगळे मी आता दोनशेपानी वहीत लिहून पेटीत सर्वांत वर ठेवले आहे. पहिल्या पानावर फक्त औषधे आहेत, आणि त्या पानाचा फोटो चौघांच्याही फोनमध्ये आहे.

मराठवाड्यातल्या घरांना आणखी एक अडचण आहे. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात असल्याने जमिनीचे जुने दस्त बऱ्याच ठिकाणी उर्दूत, काही मोडीत आहेत. त्यानंतरचे 1954-55 चे खासरा पाहणी पत्रकही वारसाच्या आणि हद्दीच्या वादात आजतागायत काढावे लागते. असे घरातले जुने कागद फार तर दुसऱ्या कप्प्यात चित्र म्हणून जातील. चालू सातबारा डिजिटल स्वाक्षरीने घरबसल्या मिळतो, पण पणजोबांच्या खरेदीखताला पेटीच लागते. आमचे मी पारदर्शक पाकिटांत घालून ठेवले आहे; लॅमिनेशन मात्र मुद्दाम टाळले, कारण नाजूक कागद त्यातून पुन्हा सुटा निघत नाही.

2025 मध्ये शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या पुढाकाराने आलेली एक सोय मला मोलाची वाटते. डीमॅट (म्हणजे शेअर ठेवण्याच्या) खात्याची आणि म्युच्युअल फंडाची विवरणे आता डिजिलॉकरमध्ये घेता येतात आणि आपल्या पश्चात ती पाहण्यासाठी माणूस नेमता येतो. त्या माणसाला फक्त पाहता येते, पैशावर हक्क मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे. मी थोरल्या अक्काचे नाव दिले आहे.

एकंदरीत, शिकणारी मुले आणि वाहन चालवणारी माणसे घरात असतील तर डिजिलॉकर घ्यावेच, मात्र ते पेटीच्या जोडीने, पेटीऐवजी नव्हे. आमच्या घरी या चौघांशिवाय आईचे खाते उघडायचे अजून राहिले आहे. तिच्या आधारला कोणताच मोबाइल जोडलेला नाही, आणि त्या रांगेत पुन्हा उभे राहायला ती तयार नाही.