पहिली कादंबरी पॅकेजमध्ये छापून घेतली, त्याचा अनुभव (5 पैकी अडीच स्टार)

कंपनीचं नाव देणार नाहीये, कारण त्यांच्या गोडाऊनला माझ्या 60 प्रती अजून पडून आहेत आणि मला त्या परत हव्यात. पण लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक छापून द्यायची अशी पॅकेजं देणारे हल्ली बरेच झालेत, कुणी या वाटेला जाणार असेल तर वाचून जा.

माझं पॅकेज असं होतं: 300 प्रती, डेमी साइज, 208 पानं म्हणजे 13 फर्मे (16 पानांचा एक फर्मा), अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), "मुद्रितशोधन", "वितरण" आणि छोटासा प्रकाशन समारंभ. सगळे मिळून 52 हजार. अवतरणचिन्हं कुठे टाकलीत ते लक्षात ठेवा.

त्याआधी चार प्रकाशकांकडे हस्तलिखित पाठवलं होतं. दोघांकडून काहीच नाही, एकांनी सात महिन्यांनी छान पत्र पाठवून नाही म्हटलं, आणि एक जण म्हणाले पुढच्या दोन वर्षांची पुस्तकं ठरलेली आहेत, नंतर बघू. माझ्या डोक्यात श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक, लेखकाला समोर बसवून परिच्छेदन्‌परिच्छेद तपासणारे, तसलं काहीतरी होतं. वय 43, म्हटलं वाट कुठे बघत बसायची.

कादंबरी सगळी बदलापूर-सीएसएमटी लोकलमध्ये लिहिलीय, मोबाइलवर. घरी एक ओळ सुचली नाही कधी, घरी बसलं की कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागते मी. ट्रेनमध्ये चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर असलं तरी एका अंगठ्याने लिहिता येतं. ठाणं यायच्या आत 150 शब्द हा नियम, मग पुढे सीएसएमटीपर्यंत कालचं वाचून खोडायचं. दीड वर्ष लागलं. मधे बोलून टाइप करायचा प्रयोग केला, हळू आवाजातच बोलत होते हो, तरी दुसऱ्या दिवशी समोरच्या बाईंनी विचारलं, "मग त्या पोस्टमास्तरांनी सांगितलं का बायकोला?" ती माझी पहिली वाचक. प्रयोग तिथेच बंद केला पण त्या प्रश्नाने प्रकरण 6 सुटलं हे खरंय.

विषय मावशीचा. मावशी चिपळूणला टेलिफोन ऑपरेटर होती, ट्रंक कॉलच्या जमान्यात, म्हणजे परगावचा फोन ऑपरेटरकडून जोडून घ्यावा लागायचा तेव्हा. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे कॉलचे प्रकार असायचे, आणि मुंबईत कुणी वारल्याची बातमी त्या घरच्यांच्या आधी तिच्या कानावर पडायची. ती पोटात ठेवून संध्याकाळी त्याच आळीतून घरी चालत यायचं. लहानपणी मला वाटायचं मावशी घुमी आहे. मोठेपणी कळलं की तिला सवयच लागली होती. तिथून कादंबरी सुरू झाली.

आता सर्व्हिस. आधी चांगलं सांगते. छपाई एक नंबर. 70 जीएसएम नॅचरल शेडचा कागद, बाइंडिंग मुद्दाम उलटंसुलटं करून बघितलं, पान सुटलं नाही. मुखपृष्ठ करणाऱ्या मुलीने स्वतःहून तीन प्रकरणं मागून वाचली आणि जुन्या स्विचबोर्डच्या दोऱ्यांचं असं काही केलंय की लोक पुस्तक हातात घेतात ते त्यामुळेच. अडीच स्टारमधले दोन तिचे.

अक्षरजुळणीत माझा जीव गेला. मी युनिकोडमध्ये टाइप केलेलं, त्यांचा ऑपरेटर काम करतो श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीत, मधे एकातून दुसऱ्यात बदलणारा कन्व्हर्टर. आणि कन्व्हर्टरने सगळा अर्धा ऱ बदलून रफार केला. त्यामुळे माझ्या कुंभार्ली घाटातल्या दऱ्यांचा दर्या झाला! "बस दर्यांच्या कडेने चालली होती." वाचणाऱ्याला वाटेल बाई घाट चढताचढता थेट गुहागरला पोचल्या. "मुद्रितशोधन" झालेलं प्रूफ होतं बरं का हे. मी तीनदा वाचलं, 412 चुका काढल्या, पेन्सिलने, लोकलमध्येच. तुम्ही करणार असाल तर आधी एक प्रकरण कन्व्हर्ट करून मागा आणि ऱ्या, ऱ्ह वाले शब्द शोधून बघा, नाहीतर युनिकोडमध्येच पानं लावणारा माणूस शोधा, असतात आता.

मग आयएसबीएन. पॅकेजच्या तपशिलात त्याचे 2,500 लावले होते. नंतर कळलं की आपल्याकडे आयएसबीएन फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून, ऑनलाइन अर्ज करून, आणि लेखक स्वतःच्या नावानेही करू शकतो. कॉपीराइट रजिस्ट्रेशनचे वेगळे 3,500 सांगत होते, ते मात्र वाचले, कारण ऑफिसच्या लीगलमधल्या मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, लिहिलंस तेव्हाच तुझा झाला, रजिस्टर करणं सक्तीचं नाही, आणि करायचंच तर सरकारी फी 500 रुपये आहे. तिनेच करार वाचून दाखवलं की हक्क किती वर्षांसाठी देतेय हेच त्यात लिहिलेलं नव्हतं. मुदत लिहिली नाही तर कायद्याने 5 वर्षं धरतात म्हणे, तरी आम्ही 3 लिहून घेतली. त्यांनी कुरकुर न करता सही केली, म्हणजे मागितलं असतं तर सगळ्यांना मिळतं, कोणी मागत नाही एवढंच.

नवलेखक अनुदान हे तर मला छापून झाल्यावर कळलं. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाकडे पहिल्या पुस्तकाचं हस्तलिखित पाठवायचं असतं. माझं आता छापलेलं, विषय संपला. पॅकेजवाल्यांनी सांगितलं नाही, आणि ते का सांगतील म्हणा.

"वितरण" म्हणजे त्यांच्या वेबसाइटवर एक फोटो आणि दादरच्या दोन दुकानांत दहा-दहा प्रती, विकल्या तर पैसे. किंमत 320, दुकानाचं कमिशन 40 टक्के, त्यावर यांचे 15, म्हणजे माझ्या हातात प्रतीला 144 येणार आणि एका प्रतीला खर्च आलाय 173. हे गणित मी सही करायच्या आधी करायला हवं होतं, इन्शुरन्समध्ये नोकरी करते मी, लाज वाटते सांगायला. विकल्या त्या मीच विकल्या, 131, बऱ्याचशा लेडीज डब्यात. समारंभाचं सोडा, हॉल छान, वडे गार.

खरं दुखणं वेगळंच आहे. 52 हजारांत कुणीही मला विचारलं नाही की बाई, प्रकरण 9 लांबलंय का. मुखपृष्ठवाली मुलगी सोडली तर तिथे कुणी कादंबरी वाचलीच नसावी.

मावशीने वाचली. 79 वर्षांची आहे, भिंग घेऊन आठ दिवस वाचत होती. फोन केला तर म्हणाली, चांगलं लिहिलंयस गो, पण ऑपरेटर "हॅलो" कशाला म्हणेल? आम्ही "नंबर प्लीज" म्हणायचो. पान 3 वरच आहे ते, आणि पुढे अकरा ठिकाणी.

कंपनीला विचारलं, पुढच्या प्रिंटला बदलता येईल का. करेक्शन चार्जेस पानाला 40 रुपये म्हणाले.