ट्रक घेताना: इंजिन कोणाचं, भागीदारी कोणाची?

पहिला अवजड ट्रक घेणारा ॲव्हरेज आणि हप्ता विचारतो. आणखी एक विचारावं: कंपनीने गाशा गुंडाळला तर सुटे भाग कुठून आणायचे? जर्मनीच्या मान (MAN) या ट्रक कंपनीने फोर्सबरोबर मध्य प्रदेशातल्या पिथमपुरात ट्रक काढले, पुढे फोर्सचा हिस्साही घेतला आणि २०१८ मध्ये इथून निघायचं ठरवलं. गाड्या मात्र मालकांच्या दारातच राहिल्या.

या कसोटीवर टाटा आणि अशोक लेलँड सर्वात निर्धास्त. टाटा आणि अमेरिकेची इंजिन कंपनी कमिन्स यांची भागीदारी १९९३ पासूनची. इंजिनं जमशेदपूरला आणि आपल्या फलटणला बनतात, हायवेवरच्या मिस्त्रीचा हात त्यांवर बसलेला असतो. २०२५ मध्ये टाटांनी इटलीची ट्रक कंपनी इवेको ३.८ अब्ज युरोंना घ्यायचा करार जाहीर केला. गंमत म्हणजे हीच इवेको १९८७ पासून बरीच वर्षं लेलँडचे मालक हिंदुजा यांच्यासोबत लेलँडमध्ये भागीदार होती! ती बाहेर पडली तरी लेलँडचं अडलं नाही, कारण इंजिन घरचं होतं. लेलँडच्या एच सीरिज इंजिनांचं तंत्र मुळात जपानच्या हिनो कंपनीचं, पण लेलँडने ते मुरवून घेतलं.

आयशर-व्होल्वो ही जोडी २००८ ची, आणि माझ्या मते परदेशी जोड्यांत सर्वात घट्ट. पिथमपूरच्या कारखान्यातून व्होल्वो समूहालाही इंजिनं जातात. म्हणजे इथे व्होल्वोची स्वतःची गरज अडकली आहे.

भारतबेंझचा प्रवास उलटा. हा जर्मनीच्या डाइमलरचा ब्रँड. डाइमलरने हिरोबरोबर सुरुवात केली, २००९ मध्ये हिरो बाहेर पडली, डाइमलर एकटीच टिकली आणि २०१२ मध्ये गाड्या बाजारात आल्या. केबिन उत्तम, चालक खूश. चेन्नईजवळच्या ओरगडमच्या कारखान्यातून निर्यातही होते, त्यामुळे ही कंपनी मानच्या वाटेने जाईल असं वाटत नाही. वर्कशॉप मात्र आपल्या मार्गावर आहे का, ते आधी बघा.

महिंद्राने आपली अमेरिकी भागीदार नॅव्हिस्टारचा हिस्सा घेऊन एकट्याने गाडा ओढला, २०१६ मध्ये ब्लाझो हा अवजड ट्रक आणला. २०२५ मध्ये एसएमएल इसुझूही घेतली, पण ती बस आणि हलक्या-मध्यम ट्रकची कंपनी. चौदा चाकी घेणाऱ्याला तिचा फारसा उपयोग नाही.

एकच गाडी असेल आणि आज नागपूर, उद्या हुबळी असा धंदा असेल, तर टाटा किंवा लेलँड घ्या. ठरलेल्या मार्गावर आठ-दहा गाड्या लावणार असाल तर भारतबेंझ किंवा आयशरचा भाव काढा, आणि देखभालीचा वार्षिक करार गाडीच्या किमतीसोबतच घासाघीस करून ठरवा.