मॅजिक स्कूल बस की द फ्लॅश: मुलांना आधी काय द्यावं?

मुलांना सायन्सची गोडी लागावी म्हणून पुस्तकं आणावीत की सुपरहिरोची सिरीयल लावून द्यावी, असं विचारणारे आईबाबा बरेच भेटतात, आणि बहुतेकांनी उत्तर मनात आधीच ठरवलेलं असतं, पुस्तक चांगलं आणि टीव्ही वाईट. मला ते इतकं सरळ वाटत नाही. म्हणून दोन ठराविक गोष्टी घेऊनच बोलतो. एकीकडे जोआना कोल यांनी लिहिलेली आणि ब्रूस डेगन यांनी चित्रं काढलेली मॅजिक स्कूल बसची पुस्तकं, यातलं पहिलं १९८६ साली आलं. दुसरीकडे २०१४ ते २०२३ चाललेली द फ्लॅश ही सिरीयल. दोन्ही मी मुलांसोबत बसून वाचलेत आणि बघितलेत, आणि दोन्ही मला मनापासून आवडतात.

आधी पुस्तक. मिस फ्रिझल नावाच्या बाई वर्गाला सहलीला नेतात आणि बस कुठेही घुसते. माणसाच्या शरीरावरचं पुस्तक घ्या, त्यात बस इवलीशी होते आणि आर्नोल्ड नावाचा पोरगा खाता खाता तिला गिळून टाकतो, मग जठर, आतडं, रक्त असं फिरत फिरत शेवटी त्याच्या शिंकेतून सगळे बाहेर. गोष्ट तर धमाल आहेच, पण खरी गंमत पानाच्या रचनेत आहे. मधे गोष्ट चाललेली असते, पात्रांच्या तोंडी फुग्यातले संवाद असतात आणि कडेला वर्गातल्या पोरांनी वहीत लिहिल्यासारखे छोटे छोटे रिपोर्ट. त्यामुळे लहान पोरगं नुसती गोष्ट वाचतं, थोडं मोठं झालं की तेच पुस्तक परत काढून कडेच्या नोंदी वाचतं, म्हणजे एकच पुस्तक दोनदा कामाला येतं.

आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट ही की पुस्तक स्वतःच्या थापा स्वतः कबूल करतं. शेवटच्या पानांवर ते सांगतं की गोष्टीत खरं काय होतं आणि मजेसाठी काय घुसडलं होतं, शरीरावरच्या पुस्तकात तर खरं की खोटं ओळखायची चक्क परीक्षाच आहे. पोरांना ही पानं जाम आवडतात, आपण मोठ्यांनी लिहिलेलं तपासतोय असं वाटतं त्यांना. एक सांभाळायचं, सूर्यमालेवरचं पुस्तक १९९० चं आहे, जुनी प्रत हाती आली तर त्यात प्लूटो नववा ग्रह असणार. २००६ मध्ये त्याला बटुग्रह ठरवलं गेलं हे तुम्हीच सांगा, त्या निमित्ताने सायन्स बदलत असतं हेही कळतं.

आता फ्लॅश. बॅरी अॅलन हा पोलिसांच्या लॅबमध्ये काम करणारा पोरगा, पार्टिकल अॅक्सिलरेटरचा, म्हणजे अगदी बारीक कण प्रचंड वेगाने पळवणाऱ्या यंत्राचा स्फोट होतो, वीज अंगावर पडते आणि तो भन्नाट वेगाने पळायला लागतो. हे सगळं अर्थातच कल्पना. पण पार्टिकल अॅक्सिलरेटर ही खरी चीज आहे, जिनिव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचा आहे, हे पोराला सांगितलं की त्याचे डोळे बघा. पहिल्या सीझनमध्ये सुरुवातीलाच बॅरी चक्कर येऊन पडतो कारण एवढं पळायला जेवढं खायला हवं तेवढं तो खातच नाही, म्हणजे एनर्जी फुकट मिळत नाही हे एका सीनमध्ये कळलं. त्याच सीझनमध्ये लोखंडासारख्या झालेल्या माणसाला ठोसा मारायला तो कित्येक मैल लांबून आवाजापेक्षा जास्त वेगाने धावत येतो, आणि तिथे आवाजाचा वेग म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटर हे सांगायची आयती संधी असते.

पण मग हा बाबा माणसांना इतक्या वेगाने उचलतो तेव्हा त्या माणसांची मान का मोडत नाही? हे मला एका चौथीतल्या पोरीने विचारलं, सिरीयलकडे याचं धड उत्तर नाही, आणि सिरीयल कधी थांबून सांगतही नाही की ही आमची थाप आहे. इथे ती पुस्तकाच्या फार मागे पडते. जवळ मोठं माणूस नसेल तर खरं आणि खोटं पोराच्या डोक्यात एकत्र कालवलं जातं.

दुसरा मुद्दा वयाचा आणि तो मी गंभीरपणे घेतो. पहिल्याच भागात लहानग्या बॅरीच्या आईचा खून आहे आणि तो प्रसंग पुढे परत परत येतो, लहान पोरांना तो झेपत नाही. शिवाय एकूण १८४ भाग आहेत, म्हणजे सव्वाशे तासांच्या वर, आणि नंतरच्या सीझनमध्ये सायन्स कमी आणि रडारड जास्त. मी म्हणेन पहिला सीझन बघा, फार तर दुसरा, बास.

तर निवड करायची असेल तर, सहा ते दहाच्या मुलांना पुस्तकच, यात मला शंका नाही. बारा-तेराचं पोरगं असेल आणि वाचायचं नाव काढलं की पळत असेल तर जबरदस्ती नका करू, फ्लॅश लावा पण सोबत बसा, भाग संपला की यातलं खरंच काय होऊ शकतं एवढंच विचारा आणि उत्तर दोघांनी मिळून शोधा. मधल्या वयाचं असेल तर पोर किती हळवं आहे त्यावर ठरवा, ते तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही. पुस्तकांमध्ये सुरुवात शरीरावरच्या पुस्तकानेच करा. पाणीपुरवठ्यावरचं पहिलं पुस्तकही छान आहे, पोरं पावसाचे थेंब होऊन शुद्धीकरण केंद्रातून नळापर्यंत येतात, पण शिंकेतून बाहेर पडणाऱ्या बसपुढे पोरांना ते जरा शांत वाटतं, ते दुसऱ्या नंबरला द्या.