अंगणवाडीतलं लसीकरण सत्र: लेकरांसाठी भरवशाचं, मोठ्यांसाठी तोकडं

मराठवाड्यातल्या खेड्यांत उपकेंद्रामार्फत भरणारं हे सत्र मोफत आणि खरोखर मोलाचं. दीड महिन्याच्या लेकराला पोलिओ व रोटाव्हायरसची लस तोंडावाटे, पेंटा (पाच आजारांवरची एकत्रित लस) डाव्या मांडीत, न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची) उजव्या मांडीत, आयपीव्ही (पोलिओचीच, पण टोचून द्यायची लस) उजव्या दंडात. सगळं एकाच खेपेत.

खरा कस उन्हाळ्यात लागतो. लस २ ते ८ अंशांतच हवी. बर्फाचे पॅक फ्रीजरमधून थेट डब्यात भरले तर पेंटा गोठून निकामी होते; पॅक हलवल्यावर आत पाणी वाजलं पाहिजे. लसीला उष्णता लागली का हे दाखवणाऱ्या, बाटलीवरच्या वर्तुळातला चौकोन भोवतीच्या रंगापेक्षा फिकट हवा. गोवर-रुबेलाची बाटली कालवल्यापासून ४ तासांत वापरायची, उरलेली टाकूनच द्यायची. बाटलीवर वेळ लिहिलेली नसेल तर सिस्टरला बिनधास्त विचारा.

लस दिल्यावर अर्धा तास थांबायचं असतं, पण अनेक ठिकाणी बसायला सावली नसते. ही उणीव मोठी आहे. गरोदर बायांना टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) मिळते, बाकी मोठ्यांसाठी फारसं काही नाही.

ऊसतोडीला जाताना लसीकरण कार्ड सोबत न्याच. पुढचा डोस तिथल्या सरकारी केंद्रातही मिळतो, आणि उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.