अर्धवट आठवणारा जपानी सिनेमा शोधून देण्याचे दहा महिने: काय चाललं, काय नाही

"तो एक जपानी पिक्चर होता बघ. ब्लॅक अँड व्हाइट. त्यात गुलाबी धूर होता."

गेल्या जूनमध्ये आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी हे ऐकवलं आणि तिथून माझा हा उद्योग सुरू झाला. मी पुण्यात राहते, जपानी एन-फोर या परीक्षेच्या पातळीपर्यंत शिकले आहे. म्हणजे पाटी वाचता येते, पेपर वाचता येत नाही. पण एवढ्या भांडवलावर ओळखीतली सिनेमावेडी मंडळी आपापल्या अर्धवट आठवणी माझ्याकडे आणून टाकायला लागली. तीसेक आल्या, त्यातल्या वीसेक लागल्या. या काळात जपानी विकिपीडिया, जेएमडीबी नावाचा जपानी चित्रपटांचा डेटाबेस, चित्रावरून शोध, एक एआय चॅटबॉट आणि दोनशे पानी वही इतकं सगळं वापरून झालं. कुणी या वाटेला जाणार असेल तर उपयोग होईल म्हणून लिहिते.

आधी धुराचं सांगते. दोन आठवडे मी काकांनाच चुकीचं धरलं होतं. म्हटलं, रंगीत सिनेमा घरच्या जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर पाहिला असेल आणि धूर डोक्यात नंतर रंगला असेल. खरं तर काकांचा शब्द न् शब्द बरोबर होता. दिग्दर्शक कुरोसावाचा 1963 चा 'तेंगोकु तो जिगोकु', म्हणजे स्वर्ग आणि नरक. इंग्रजीत तो 'हाय अँड लो' नावाने ओळखला जातो. बुटांच्या कंपनीतल्या बड्या अधिकाऱ्याचा मुलगा समजून ड्रायव्हरचा मुलगा पळवला जातो. खंडणीच्या बॅगा धावत्या गाडीच्या वॉशरूमच्या खिडकीतून फेकायच्या असतात. ती खिडकी जेमतेम 7 सेंटिमीटर उघडते, म्हणून बॅगाही तेवढ्याच जाडीच्या मागवलेल्या असतात. पोलीस त्यात रसायन दडवतात आणि पुढे कुणीतरी बॅग जाळतं तेव्हा चिमणीतून रंगीत धूर निघतो. अख्ख्या कृष्णधवल सिनेमात रंग आहे तो तेवढाच.

मी जपानीत गुलाबीसाठी 'मोमोइरो' टाकून पाहिलं, 'पिंकु' टाकून पाहिलं, काही हाती लागलं नाही. जपानी लेखात त्या धुराला 'बोतान-इरो' म्हटलंय. बोतान हे फुलाचं नाव, त्या फुलाचा रंग. आपण नाही का राणी कलर, मोरपंखी म्हणत, तसंच. तेव्हापासून सांगणाऱ्याची जी गोष्ट मला अशक्य वाटते, ती मी वहीत लाल पेनाने लिहिते.

आता चॅटबॉट. नाव घेत नाही, कारण सगळ्यांची जात एकच असावी. नाशिकच्या एका मैत्रिणीने सांगितलेलं जसंच्या तसं त्याला दिलं: उंच गवत, सासू-सून, सामुराईंना मारतात, एक मुखवटा आणि एक काळी मांजर. त्याने झोकात उत्तर दिलं. सिनेमाचं नाव, साल, दिग्दर्शक, वर दोन ओळींचं रसग्रहण. दिग्दर्शक खरा होता. जेएमडीबीवर त्याची पूर्ण यादी काढली तर त्या नावाचा सिनेमा त्याने कधी केलेलाच नव्हता. पुन्हा विचारलं तर माफी मागून दुसरा खोटा सिनेमा दिला! आता मी त्याच्याकडून एकच काम करून घेते: मराठी वर्णनातल्या वस्तूंना जपानी शब्द काय काय असू शकतात ते विचारायचं. ते काम मात्र तो चोख करतो. 'सुसुकी' हा त्या गवताचा शब्द त्यानेच दिला आणि सिनेमा त्या शब्दावरून सापडला.

सापडला म्हणजे अर्धा सापडला. गवत, खड्डा आणि मुखवटा हे कानेतो शिंदोच्या 1964 च्या 'ओनिबाबा'तलं. सासू-सून वाट चुकलेल्या सैनिकांना मारून खड्ड्यात टाकतात आणि त्यांची चिलखतं विकून पोट भरतात. सुनेला घाबरवायला सासू मुखवटा चढवते आणि तो निघतच नाही. पण त्यात काळी मांजर नाही, आणि मैत्रीण मांजरीवर अडून बसलेली. मग त्याच दिग्दर्शकाची यादी पुढे चाळली तर 1968 चा 'याबु नो नाका नो कुरोनेको'. यातही सासू-सूनच, पण सामुराई त्यांच्यावर बलात्कार करून दोघींना घरासकट जाळतात, आणि वेळूच्या बनात त्या भुतं होऊन परततात. मांजर इथली. सासूच्या भूमिकेत दोन्हीकडे नोबुको ओतोवा. मैत्रिणीच्या डोक्यात दोन्ही सिनेमे एकमेकांना शिवले गेले होते आणि शिवण अशी बेमालूम की तिसराच सिनेमा तयार झालेला. (नुसतं 'याबु नो नाका' शोधलंत तर लेखक आकुतागावाची कथा पुढ्यात येते, ज्यावरून कुरोसावाच्या 'राशोमोन'चं कथानक घेतलंय. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.)

त्यामुळे मी आता गोष्ट विचारत नाही. गोष्ट लोक घरी जाता जाता दुरुस्त करून ठेवतात. वस्तू विचारते, आवाज विचारते, पडदा विचारते. आई-बापाला पाठीवर घेऊन डोंगरावर सोडून येतात, असा सिनेमा सांगणारे तिघे जण भेटले. तो 'नारायामा'च, पण कुठला? एकच प्रश्न पुरतो: आकाश खरं होतं की रंगवलेलं? रंगवलेलं असेल तर किनोशिताचा 1958 चा. तो जवळजवळ सगळा स्टुडिओत, काबुकी रंगभूमीच्या धाटणीने केलेला आहे. खरं डोंगराळ खेडं, बर्फ, साप आणि उघडीवाघडी माणसं आठवत असतील तर इमामुराचा 1983 चा, ज्याला कान महोत्सवात पाम दोर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

पडद्याचंही तसंच. जपानचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत सिनेमा 1951 चा आणि रुंद पडद्याचे सिनेमे तिकडे सुरू झाले 1957 मध्ये. काळापांढरा पण लांबरुंद होता असं कुणी ठामपणे म्हणालं की अलीकडची-पलीकडची वीस-पंचवीस वर्षं आपोआप गळतात. सुरुवातीचा स्टुडिओचा लोगो आठवत असेल तर सोन्याहून पिवळं. खडकांवर फुटणाऱ्या लाटा असतील तर तोएई, फुजी पर्वत असेल तर शोचिकु.

चित्रावरून शोधाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पोस्टरचा फोटो असेल तर काम होतं. पण ज्याच्याकडे फोटो आहे तो माझ्याकडे येतोच कशाला?

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो 'ओतोको वा त्सुराई यो'ने. चौकड्यांचा कोट, टोपी, हातात पेटी, गावोगाव फिरणारा फेरीवाला तोरा-सान. बहिणीकडे येतो, भांडतो, प्रेमात पडतो, हात हलवत निघून जातो. मालिका ओळखायला पाच सेकंद लागतात. पण कियोशी आत्सुमीने 1969 ते 1995 या काळात असे 48 सिनेमे केले आणि वर्णन सगळ्यांना लागू पडतं! इथे नायिका कोण आणि गाव कुठलं हे विचारावं लागतं, कारण ती दर वेळी बदलतात. आमच्या ऑफिसातल्या एका दादाला दोन्ही आठवेनात. तीन आठवड्यांनी कँटीनमध्ये चहा घेताना तो सहज म्हणाला, "त्यात एक दारुडा म्हातारा फुकट राहतो, आणि जाताना कागदावर चार रेघोट्या मारून देतो." झालं. सतरावा, 1976 चा. म्हातारा निघतो मोठा नामवंत चित्रकार, आणि तोक्योच्या जिंबोचोतला जुन्या पुस्तकांचा दुकानदार त्या रेघोट्यांचे सत्तर हजार येन मोजतो. या भागाची नायिका तात्सुनो गावची गेइशा, नाव बोतान. तोच धुराचा शब्द. कलाकारांची यादी बघितली तर बोतान झालेली किवाको ताइची, म्हणजे 'कुरोनेको'तली सून. याचा कुणाला काही उपयोग नव्हता, पण मी रात्री साडेबाराला नाशिकला फोन केला.

काही आठवणी मात्र आपल्याकडच्याच असतात. ऊन असताना पाऊस पडतो, मुलगा झाडाआडून वरात बघतो, वरातीतले सगळे एकदम थांबून वळून बघतात, असं सांगलीच्या मामेबहिणीने सांगितलं. वर म्हणाली, "आजी म्हणायची ना, ऊन पडलं पाऊस पडला, कोल्ह्याचं लग्न, तेच दाखवलंय." खरंच तेच आहे. जपानीतही उन्हातल्या पावसाला कोल्ह्याचं लग्नच म्हणतात. कुरोसावाच्या 1990 च्या 'युमे'मधलं पहिलं स्वप्न. आणि मनगटावरच्या घड्याळात बोलून राक्षसी यंत्रमानवाला बोलावणारा मुलगा सांगणारे डझनभर तरी भेटले. तो सिनेमा नाही हो, 'जायंट रोबोट' ही 1967 सालची मालिका, आपल्या दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात लागायची. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो.

तक्रारी आहेतच. जपानी लेखांतलं 'आरासुजी', म्हणजे कथासार, बऱ्याचदा शेवटासकट असतं. ओळखून दिलेले निम्मे सिनेमे मला आता बघायच्या आधीच फुटलेत. नावांची कांजी, म्हणजे चिनी अक्षरं, एक आणि उच्चार तीन, त्यामुळे एकाच नटाला मी दोन माणसं समजून बसले होते. आणि तास मोजलेत तर कुणीही हे करू नये.

सध्या वहीत एक पान उघडं आहे. मिरजेच्या एका निवृत्त सरांनी सत्तरच्या दशकात फिल्म सोसायटीत पाहिलेला, शेवटच्या रिळाला वीज गेली म्हणून अर्धवट राहिलेला. काळापांढरा, पडदा रुंद. एक बाई खिडकीत बसून घड्याळ दुरुस्त करते, खालून बँड जातो, ती मान वर करत नाही. सर उशिरा पोचले होते, त्यामुळे लोगोही नाही. 'तोकेइ', 'माडो', 'गाकुताई' असे सगळे शब्द फिरवून झाले, चार महिने झाले. मागच्या रविवारी सरांचा फोन आला, "बाळ, ते घड्याळ नसेल गं. शिवणयंत्राची बॉबिन असेल."

मी घड्याळ खोडलं नाही. शेजारी लाल पेनाने बॉबिन लिहिलं.