मोजे, बटणं, बूट: आपले कपडे आपणच घालायचे तर कोणतं साधन घ्यावं?

कपडे घालायला मदत करणारी साधनं शोधताना बहुतेक जण आजाराच्या नावापासून सुरुवात करतात. संधिवाताला काय चांगलं, अर्धांगवायूनंतर काय घ्यावं, असं. त्याने फारसं हाती लागत नाही, कारण आजार एकच असला तरी अडचणी निराळ्या असतात. एकाचा हात पायापर्यंत पोचत नाही, दुसऱ्याचा पोचतो पण चिमटीत जोर नाही, तिसऱ्याला एकाच हाताने सगळं करायचंय. शिवाय यातलं प्रत्येक साधन एक हालचाल वाचवतं आणि त्या बदल्यात दुसरी मागतं. वाकायचं वाचवणारी वस्तू बऱ्याचदा बोटांना कामाला लावते. म्हणून पुढे प्रत्येक साधनाबद्दल ते काय वाचवतं आणि काय मागतं, अशी दोन्ही अंगं मांडली आहेत.

काठी की रीचर?

ड्रेसिंग स्टिक म्हणजे साधारण ६० ते ७० सेंटिमीटर लांबीची हलकी काठी. एका टोकाला रबराचं किंवा प्लास्टिकचं आवरण असलेला आकडा, दुसऱ्या टोकाला बहुधा चेन ओढायचा छोटा हूक. आकड्याच्या एका बाजूने कापड ढकलायचं, दुसरीने ओढायचं. शर्टाची एक बाही चढली की उरलेला शर्ट पाठीमागून दुसऱ्या खांद्याकडे आणायला, पँटची कंबर पावलांवरून वर घ्यायला ही पुरते.

रीचर म्हणजे लांब दांडा, टोकाला जबडा आणि मुठीत खटका. जमिनीवर पडलेला कपडा उचलायचा तर याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण पँट घालताना कंबर जबड्यात धरून पाय आत जाईपर्यंत खटका दाबूनच ठेवावा लागतो, आणि बोटांचे सांधे सुजलेल्या माणसाला नेमकं तेच जमत नाही. काही रीचरांना खटका अडकवून ठेवायची सोय असते. घ्यायचाच तर तसला घ्या.

दोन्हींपैकी एकच घ्यायचं झालं तर मी काठी घेईन. तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही, एका हाताने चालते, आणि मूठ बारीक वाटली तर फोमची नळी चढवून जाड करता येते. खांदा उचलतच नसेल तर मात्र काठीही थकवते. अशा वेळी डोक्यावरून घालायचे कपडे बाजूला ठेवून पुढून पूर्ण उघडणारे शर्ट वापरणं कुठल्याही साधनापेक्षा सोपं.

मोजे

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. सॉक एड, म्हणजे न वाकता मोजा घालायचं साधन, दिसायला सोपं असतं आणि दाखवणारा दोन सेकंदांत मोजा घालून दाखवतो, पण त्याआधी मोजा साधनावर चढवलेला असतो. तो चढवायचा कोणी, हा खरा प्रश्न.

कडक प्रकारात अर्धगोल प्लास्टिकची पन्हळ असते आणि तिला दोन लांब दोऱ्या किंवा पट्ट्या. मोजा पन्हळीवर बाहेरून ओढायचा. टाच खालच्या अंगाला आली पाहिजे आणि बोटांचा भाग पन्हळीच्या टोकाशी अगदी भिडला पाहिजे. तिथे पोकळी राहिली तर मोजा अर्ध्यातच अडकतो. वरची कड दोऱ्यांच्या गाठींपर्यंत न्यायची नाही. मग पन्हळ पावलापुढे जमिनीवर सोडायची, पाय आत सरकवायचा, पंजा खाली ताणायचा आणि दोऱ्या सावकाश ओढायच्या. पन्हळ टाचेमागून निसटून वर येते, मोजा पायात राहतो.

मऊ प्रकारात बाहेरून टॉवेलसारखं खरखरीत कापड असतं, त्यामुळे मोजा जागचा हलत नाही. आतून नायलॉन असल्याने पाय अलगद सरकतो. पावलाच्या आकाराप्रमाणे वळतं, पायाला बोचत नाही, घडी करून पिशवीत जातं. पण मोजा चढवताना तेच हातात दुमडतं. बोटांत जोर कमी असेल तर कडक पन्हळ बरी, कारण ती मांड्यांमध्ये घट्ट धरून मोजा चढवता येतो. पावलं नाजूक असतील किंवा मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर मऊ प्रकाराकडे वळा. प्लास्टिकची कड घासलेली अशा पायाला कळतही नाही, म्हणून रोज पाऊल डोळ्यांनी बघायचं, साधन कुठलंही असो.

एकच हात चालत असेल तर दोन सुट्या दोऱ्यांचं साधन निरुपयोगी. दोन्ही टोकं जोडून एक मोठा फास केलेला प्रकार मिळतो, तो पाहावा. खरं तर अर्धांगवायूनंतर बऱ्याच जणांना साधनाशिवायची रीतच जास्त जमते. बसून दुबळा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, चांगल्या हाताची बोटं मोज्याच्या तोंडात घालून फाकवायची आणि मोजा बोटांवरून चढवत न्यायचा. सैल तोंडाचे मोजे घेतले की निम्मं काम होतं. खुब्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर मात्र ही रीत अजिबात नको.

दाब देणारे घट्ट मोजे, म्हणजे कॉम्प्रेशन स्टॉकिंग, हे वेगळंच प्रकरण. साध्या सॉक एडवर ते नीट बसत नाहीत. त्यांच्यासाठी तारेची उभी चौकट मिळते. मोजा टाचेपर्यंत उलटा करून चौकटीवर ताणायचा, त्यात पाय घालायचा आणि दोन्ही बाजूंच्या मुठी धरून चौकट वर ओढायची. वाकायचं वाचतं, पण मोजा ताणायला मनगटांत बरीच ताकद लागते. पुढून बोटं उघडी असलेला मोजा असेल तर पावलावर गुळगुळीत कापडी पिशवी घालून त्यावरून मोजा सरकवायचा आणि मग पिशवी बोटांकडून ओढून काढायची, हा उपाय हलका. रबरी हातमोज्यांनी पकड चांगली मिळते. सुरकुती राहू देऊ नका, तिथे दाब एकवटतो. आणि हे मोजे सकाळी पायाला सूज यायच्या आधी घालायचे. एवढं करूनही जमत नसेल तर हे एक काम दुसऱ्याकडून करून घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही.

खुब्याचा सांधा बदलल्यावर

ही गरज बहुतेकदा तात्पुरती असते. सांधा मागच्या बाजूने उघडून शस्त्रक्रिया झाली असेल तर खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि पाऊल आत वळवायचं नाही, अशी बंधनं बरेचदा काही आठवडे घातली जातात. किती आठवडे, ते सर्जन सांगतील. तेवढ्यापुरतं सॉक एड, रीचर किंवा काठी आणि लांब शूहॉर्न (टाच बुटात सरकवायची पट्टी) एवढं पुरे. महागडा संच घेण्यापेक्षा कोणाकडून वापरायला मिळाला तर उत्तम. शस्त्रक्रियेच्या आधीच घरी सराव करून ठेवा. दुखऱ्या पायाने नवी वस्तू शिकणं जिवावर येतं.

बटणं

बटनहूक म्हणजे मुठीला लावलेला तारेचा फास. फास काजातून बाहेरून आत घालायचा, बटण त्यात अडकवायचं आणि परत काजातून ओढून घ्यायचं. एका हाताने होतं, चिमटी लागत नाही. मुठीची जाडी महत्त्वाची, बारीक दांडी सुजलेल्या बोटांत फिरते. बटण मोठं आणि काज घट्ट असेल तर हूकही हात टेकतो. हात कापत असेल तर फास बटणाभोवती नेणंच अवघड होतं.

अशांनी बटणांचा नाद सोडावा असं मला वाटतं. बटणं बाहेरून तशीच शिवून आतून वेल्क्रोचे तुकडे लावले की शर्ट दिसायला तोच राहतो. वेल्क्रो धुताना मिटवून ठेवायचा, नाहीतर दुसऱ्या कपड्यांचे धागे ओढतो. चुंबकी बटणं याहून सोपी, पण पेसमेकर असेल तर ती बाद. चुंबक अशा उपकरणापासून १५ सेंटिमीटर तरी लांब ठेवावेत अशी सूचना असते, आणि छातीवरच्या शर्टाला ते जमणार नाही. बाह्यांच्या टोकाची बटणं इलॅस्टिकच्या दोऱ्याने शिवून घ्या. बटण लावलेलंच ठेवून हात आत जातो.

बूट

शूहॉर्न लांब दांड्याचाच घ्या, आखूड असेल तर वाकायचं राहतंच. लेस असलेल्या बुटांना इलॅस्टिक लेस घातल्या की रोज बांधायची गरज उरत नाही. पायाला पट्टी किंवा स्प्लिंट (आधार देणारा साचा) असेल तर मागून किंवा बाजूने पूर्ण उघडणारा बूट लागतो. नायकीने २०१५ मध्ये आणलेले फ्लायइझ बूट या प्रकारातले. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचाली अवघड करणारा विकार) असलेल्या एका मुलाने कंपनीला पत्र लिहून असे बूट मागितले होते.

घेण्याआधी करून बघा

आधी बसायची जागा बघा. हातांची भक्कम खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले, व्हीलचेअर असेल तर ब्रेक लावलेले. पँट बसूनच गुडघ्यांच्या वरपर्यंत घ्यायची आणि एकदाच उभं राहून कमरेवर चढवायची, कारण एका पायावर उभं राहून घालताना तोल जातो. घालताना दुबळा हात किंवा पाय आधी, काढताना शेवटी. ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं आपली आपण करायला शिकवणारे तज्ज्ञ) भेटत असतील तर एखादं साधन त्यांच्यासमोर वापरून पाहा आणि आपलाच मोजा, आपलाच बूट घेऊन जा.

कपडे काढूनही बघा. सॉक एड मोजा चढवतं, पण उतरवायला त्याचा बहुतेक वेळा उपयोग नसतो. त्यासाठी काठीचा आकडा किंवा शूहॉर्नचं टोक मोज्याच्या कडेत घालून टाचेवरून खाली ढकलावं लागतं. तेही जमत नसेल तर सॉक एड घेण्याआधी मोज्यांचं तोंड किती घट्ट आहे ते तपासा.